घडवंचीमागच्या साती आसरा

आमच्या घरात तो विषय निघाला की अजूनही एकच वाक्य म्हटले जाते : अवीने ओळखले, म्हणून मिनू वाचली. लग्नकार्यात पंगत उठल्यावर सुपारी कातरता कातरता कुणीतरी हे म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. मी इतकी वर्षे ते मान खाली घालून ऐकत आलो आणि त्या खाली घातलेल्या मानेला लोक विनय समजत आले. त्या दिवशी मी चुकीचे वाचले असते, तर ती कच्च्या वयातली चूक ठरली असती. मी बरोबर वाचले आणि उलट सांगितले. माझ्या सांगण्याने एका बाईचे घर गेले आणि एका मुलीची आई गेली. हे मी परवापरवापर्यंत माझ्या पत्नीलाही सांगितले नव्हते.

आम्ही तेव्हा इंदूरला, बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत भाड्याने राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत होते. त्यांच्या आधीच्या पिढ्याही संस्थानच्या दफ्तरात टाक झिजवण्यात गेलेल्या. घरात आई, मी, अण्णांचे धाकटे भाऊ वसंतकाका आणि काकांची अजून शाळेतही न जाणारी मुलगी मिनू. मिनू कडेवर असतानाच पहिली काकू गेली होती. सकाळी देवळातली घंटा, मग टेंपोची फटफट, मग कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज, या क्रमाने दिवस उजाडे. पोह्यांवर शेव आणि जिरावनचा मसाला पडल्याशिवाय अण्णा ताटलीला हात लावत नसत. पण घराचे खरे वेळापत्रक पाण्याचे होते. नळाला नर्मदेचे पाणी दिवसाआड येई. 'नर्मदा आली' अशी हाक गल्लीत पडली की हंडे, कळश्या, पिंप असे सारे अंगणात मांडले जाई आणि भरून झाले की स्वयंपाकघरातल्या लाकडी घडवंचीवर त्यांची उतरंड लागे. त्या घडवंचीमागची ओलसर, काळोखी जागा मला अजून स्वप्नात दिसते.

वसंतकाकांनी दुसरे लग्न केले ते देवासच्या एका मुलीशी. तिचे पूर्वज फौजेतले शिलेदार, आमचे दफ्तरातले. दोन्ही घरे मराठी, दोन्ही घरे माळव्यात तितकीच जुनी, तरीही आईला ते लग्न रुचले नव्हते. नवी काकू माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी होती. बोलताना तिचे मराठी मध्येच माळवीत वळे, भाकरी ती हातावर थापे आणि लसणाची चटणी अशी वाटे की शेजारच्या दुबेचाची वास घेत दारात येत. माहेराहून तिने दोन टाक आणले होते. पातळ चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या त्या देवांच्या आकृती तिने मोठ्या हौसेने आमच्या देव्हाऱ्यासमोर धरल्या. आई म्हणाली, "आमच्या देवांत असले देव नाहीत. तुझ्या ट्रंकेत ठेव." काकूने ते कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. त्यानंतर बरेच दिवस ते कुणी पाहिले नाहीत. मीदेखील पाहायला मागितले नाहीत, आणि हे विशेष, कारण त्या काळी असल्या वस्तूंचा गल्लीतला जाणकार मीच होतो.

त्याचे असे झाले की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात मी नापास झालो. अण्णा रागावले असते तर सोसले असते. ते माझ्याशी बोलेनासे झाले. "त्याला सांग, जेवून घे," असे ते मी समोर असताना आईला सांगत. कॉलेजच्या नावाखाली मी कृष्णपुऱ्याकडे भटकू लागलो. तिथे संस्थानच्या राजांच्या समाधी-छत्र्यांच्या बाजूला जुनी पुस्तके मांडून बसणाऱ्यांकडे यंत्रांची, तंत्रांची, ताइतांची चोपडी मिळत. मी ती अधाश्यासारखी वाचली. पंधरिया यंत्राच्या नऊ घरांत कुठून बेरीज केली तरी पंधराच का येते, त्रिकोण खाली टोकाचा आणि वर टोकाचा यांत फरक काय, बिब्बा कशासाठी आणि काळा दोरा कशासाठी, हे मला तोंडपाठ झाले. मग कुणाच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेले लिंबू सापडले, कुणाच्या गच्चीवर लाल कापडातला नारळ, की गल्लीतली पोरे मला बोलवायला येत. "भिया, जरा देखो तो, ये क्या फेंक गया कोई." मी वस्तू हातात घेई, थोडा वेळ गप्प राही, आणि सांगे. गप्प राहण्याचा परिणाम सांगण्याहून अधिक होतो, हे मला लवकर कळले होते. मी सांगत असताना मोठी माणसे श्वास रोखून माझ्याकडे पाहत. घरात ज्याच्याकडे कुणी पाहत नव्हते, त्याला ते दारूसारखे चढले.

त्या वर्षी पाऊस सरता सरता मिनूला ताप आला. स्नेहलतागंजमधल्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. ताप मुदतीचा आहे, आपल्या चालीने उतरेल, धीर धरा, म्हणाले. पण ताप उतरे आणि पुन्हा चढे. घरातले बोलणे कुजबुजीवर आले. फोडणीचा आवाजही नको म्हणून आई वरण बिनफोडणीचे वाढू लागली. मिनू काकूला मम्मी म्हणू लागली होती आणि तापात तिला तीच लागे. काकू रात्रंदिवस तिच्या उशाशी बसे, तांदळाची पेज चमच्याने पाजी, आणि पेज उलटून पडली की पदराने पुसून पुन्हा करायला उठे. दुबेचाची चौकशीला येत आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून आईशी हलक्या आवाजात बोलत. 'सौतेली' हा एक शब्द मला ऐकू येई.

एका सकाळी नर्मदा आली होती. आई शेजारी लोणच्याचा मसाला आणायला गेली होती आणि मी नळाखाली कळशी लावून उभा होतो. काकूने मिनूला पांघरुणात गुंडाळून अंगणात उन्हाला आणले. मांडीवर घेऊन तिने कमरेची छोटी कात्री काढली, मिनूच्या कपाळावरची एक बट कापली आणि तिच्या पिवळ्या फ्रॉकच्या झालरीचा तुकडा. मिनू क्षीण हसली. "मम्मी, गुदगुल्या," म्हणाली. मी विचारले, "काकू, हे कशाला?"

"हळू बोल. आसरांना सांगितलंय मी. लेकरू त्यांच्या ओटीत घातलं. ती बरी झाली, आपल्या पायानं नदीपर्यंत चालत गेली, की दहीभात वाहून सोडवून आणायचं."

"मग लपवता का?"

"नवस चार तोंडी झाला की उतरतो रे. अन् तुझ्या आईला चालायचं नाही. तू बोलू नकोस हं, अवी."

"हओ," मी म्हणालो आणि कळशी बदलली.

इतके ते साधे होते. साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी, त्यांना लेकरू सांभाळायला द्यायचे आणि बरे झाले की परत मागायचे. मला त्यात गूढ असे काही वाटले नाही, आणि मी ते विसरलोही नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी अण्णांना सुटी होती. काका आणि काकू डॉक्टरांकडे रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवून औषधे आणायला गेले होते. मिनू आतल्या खोलीत ग्लानीत पडली होती. पिंप गळते आहे म्हणून आईने घडवंची ओढली आणि मागे हात घातला. ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा तिच्या तळहातावर हिरव्या कापडाची पुडी होती, वरून शेंदूर लागलेली. दुबेचाची नेमक्या तेव्हाच दारात होत्या. त्यांनी पुडी पाहिली आणि "हे राम" म्हणून पदर तोंडाला लावला. आईने ती पुडी खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली. कुणीच तिला हात लावेना. मग अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिले.

"तू शिकलायस ना हे," ते म्हणाले. "बघ. काय आहे?"

किती महिन्यांनी अण्णा मला काही विचारत होते, आणि उत्तराची वाट पाहत होते. मी मांडी घालून बसलो. कापडाची पहिली घडी उलगडली. आत चांदीचा लहान टाक होता. त्यावर एका ओळीत उभ्या सात बाया, झिजून झिजून चेहरे पुसले गेलेल्या. हिरवे कापड, पाण्याजवळची जागा, सात आकृती : माझ्या मनात आसरा हा शब्द उमटला होता. पण तोंडातून चोपड्यांतली भाषा निघाली, कारण तीच ऐकायला सारे बसले होते. "सात आहेत," मी म्हणालो. "जोगिणी. चेहरे मुद्दाम घासलेत. शेंदूर आहे, म्हणजे जागवलेल्या आहेत." दुबेचाची पुढे सरकल्या. "बेटा, साफ-साफ बता. घर का मामला है, छुपा मत." मी दुसरी घडी उलगडली. आतून पिवळी झालर निघाली आणि तिच्यात गुंडाळलेली भुऱ्या केसांची बट.

त्या क्षणाकडे मी आयुष्यभर वळून पाहिले आहे. माझ्यापुढे दोन वाक्ये होती. एक म्हणत होते, हे मला माहीत आहे, हे माझ्यासमोर बांधले आहे, हा नवस आहे. ते बोलायला श्वासभर वेळ लागला असता. पण ते बोललो असतो, तर आताच उच्चारलेल्या जोगिणी पोरकटपणा ठरल्या असत्या आणि अण्णांनी चष्मा पुन्हा नाकावर घेऊन पेपर उचलला असता. मी गप्प राहिलो, नेहमीप्रमाणे, परिणाम होईल इतका वेळ. मग म्हणालो, "केस मिनूचे आहेत. कापडही तिचंच. पाण्यामागे ठेवलंय. जसं पाणी उतरत जाईल, तसं माणूस उतरत जावं, म्हणून करतात हे."

"मैं तो पेले दिन से के री थी," दुबेचाची म्हणाल्या.

"कोणी ठेवलं?" अण्णांनी विचारले.

मी नाव घेतले नाही. पुढे कित्येक वर्षे मी याचाच आधार घेत असे की मी नाव घेतले नव्हते. पण घडवंचीला हात लावणाऱ्या बायका घरात दोनच होत्या, आणि त्यातली एक समोर उभी होती.

अर्ध्या तासाने काका-काकू आले. काकूच्या हातात औषधांची पिशवी आणि मोसंब्या होत्या. चप्पल काढता काढता तिची नजर वर्तमानपत्राकडे गेली, आणि तिच्या तोंडून जे पहिले शब्द निघाले त्यांनीच तिचा घात केला. "सोडलंत? ती बरी व्हायच्या आधी सोडलंत?"

"म्हणजे तूच," आई म्हणाली.

"मीच. आसरा आहेत त्या, ताई. आमच्याकडे लेकरू दुखण्याला पडलं की त्यांच्या ओटीत घालतात."

"आसरा नदीवर असतात, विहिरीवर असतात. पिण्याच्या पाण्यामागे पोरीचे केस बांधून कोण ठेवतं?"

"देव्हाऱ्यात जागा दिली असतीत, तर तिथं ठेवल्या असत्या."

आईचा चेहरा लाल झाला. काका दोघींच्या मध्ये उभे होते. त्यांची एक बायको तापानेच गेली होती आणि मुलगी आत तापात होती. ते माझ्याकडे वळले. "अवी, तू वाचलंयस ना हे? नक्की सांग." त्यांच्या आवाजात विनवणी होती, मी नाही म्हणावे अशी होती, हे मला आज कळते. काकूच्या चेहऱ्यावर मात्र तेवढ्यात सुटकेचा भाव आला. ती जवळजवळ हसली. "अवीलाच विचारा की. त्याच्यासमोर कापलेत केस. नळावर होता तो, सगळं सांगितलं मी त्याला. अवी, सांग बाळा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. "मला नाही आठवत," मी म्हणालो.

काकूने मला पुन्हा विचारले नाही. दुसऱ्यांशी ती भांडली असती, पण माझ्याकडे तिने असे पाहिले, जसे आपण चुकून दुसऱ्याच कुणाला हाक मारली आहे असे लक्षात यावे. मग औषधांची पिशवी तिने आईसमोर ठेवली आणि कोणती गोळी केव्हा, ते नीट सांगितले. अण्णा म्हणाले, "वसंता, चार दिवस हिला देवासला पोचवून ये. पोरगी सावरू दे." काकूला जाण्याआधी मिनूजवळ जायचे होते. आई आतल्या खोलीच्या चौकटीत उभी राहिली आणि बाजूला झाली नाही. आतून मिनूने हाक मारली, "मम्मी, पाणी." काकूचा पाय पुढे पडला. पण आईच वळली, तिनेच पेल्यात पाणी ओतले आणि तिनेच पाजले. काकू बाहेरच्या खोलीत उभी राहून तो पेला रिकामा होण्याचा आवाज ऐकत होती. मग काका म्हणाले, "चल," आणि ती गेली.

पुडीचे विसर्जन करायचे काम अर्थातच जाणकाराकडे आले. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून मी ती खाली टाकली. पाणी काळे होते, गाळाने जड झालेले. हिरवे कापड क्षणभर वर उलगडले आणि टाकाच्या वजनाने खाली ओढले गेले.

मिनूचा ताप त्याच आठवड्यात उतरला. मुदतीचा ताप आपल्या चालीने उतरेल, हे डॉक्टरांनी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. अण्णा माझ्याशी बोलू लागले. दुबेचाचींनी गल्लीत माझी अशी कीर्ती केली की परक्या मोहल्ल्यातली माणसे दारात येऊ लागली. मी त्यांना भेटलो नाही. चोपडी रद्दीत घातली, परीक्षा पुन्हा दिली, पास झालो. लोक म्हणाले, पोरगा विरक्त आहे, विद्येचा बाजार मांडत नाही. आजही कुणी फोनवर फोटो पाठवून विचारते, हे दारात सापडले, याचा अर्थ काय. मला माहीत नाही, असे मी लिहून पाठवतो. हे तीन शब्द शिकायला मला फार मोठी किंमत पडली, आणि ती मी स्वतः भरली नाही.

चार दिवसांचे चार महिने झाले. मग काकांनी आपली बदली देवासला करून घेतली. मिनूला न्यायला आले तेव्हा आई म्हणाली, "भावजी, तुम्ही जा खुशाल. पण पोरीला पुन्हा त्या हातात द्यायची नाही." काका भांडणारे नव्हते. मिनू आमच्याकडे वाढली. माझ्या आईला ती आई म्हणू लागली आणि काकूला 'ती बाई'. रविवारी काका एकटे येत, दुपारी जेवत, मिनूचा अभ्यास घेत आणि अंधार पडण्यापूर्वी बसने जात. काकूला मूल झाले नाही. कधी कधी काका निघताना मला वाटे, त्यांना बसपर्यंत सोडायला जावे आणि वाटेत सांगावे. मी सोडायलाही जाई. बस सुटेपर्यंत आम्ही क्रिकेटविषयी बोलत असू. रात्री मी स्वतःची समजूत घाली, की काकूनेच मला कुणाला बोलू नकोस म्हटले होते, मी शब्द पाळला. लबाड मन किती सभ्य कपडे घालून येते, हे मला त्या समजुतीने दाखवले.

काका गेले त्याला आता काही वर्षे झाली. अण्णा आणि आई त्याआधीच गेले. मागच्या हिवाळ्यात काकू न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. देवासच्या त्या खोलीत ती एकटी राहू शकणार नाही, हे उघड होते. मिनू आज इंदूरमध्ये शाळेत शिकवते. तिला दोन मुली आहेत, घर मोठे आहे. काय करायचे ते ठरवायला ती माझ्याकडे आली.

"दादा, चांगला आश्रम बघू. मी वरचेवर जाईन, लागेल ते करीन," ती म्हणाली. "पण माझ्या घरात नको. घरात मुली आहेत माझ्या."

"मिनू, तिचं वय बघ आता."

"वयाचं काय? तूच ओळखलं होतंस ना, माझ्या केसांचं तिनं काय केलं ते?"

ती मला दोष देत नव्हती. ती माझा हवाला देत होती. माझ्या एका दुपारच्या वाचनावर एक शिकलेली, समंजस बाई आजही एका म्हातारीसाठी दार बंद करत होती. मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर देवासला चल. मग ठरव." गाडीत तिने दोनदा विचारले, "काय झालंय, दादा?" पोचल्यावर सांगतो, एवढेच मी म्हणालो.

काकू खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती, वॉकर हाताशी. माझ्यामागून मिनू आत आली तेव्हा तिने आधी पदर सारखा केला, मग चष्मा शोधला. "मिनू का ही?" तिने मला विचारले, मिनूला नाही. मिनू दाराजवळच्या खुर्चीच्या काठावर बसली, पर्स मांडीवर धरून. "पोहे करायला सांगते शेजारच्या पोरीला," काकू म्हणाली, "शेव आहे घरात." मी नको म्हणालो. वाटेत मी मनात बरीच वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही उरले नाही. 

"अरे, बोल की," काकू म्हणाली. "साहेबासमोर बसल्यासारखा काय बसलायस?"

मी खुर्ची सोडली आणि तिच्या खाटेशी खाली बसलो. मिनूपर्यंत शब्द पोचावेत म्हणून आवाज चढवला.

"काकू, तुम्ही मिनूचे केस कापलेत तेव्हा मी नळावर होतो. कशासाठी कापताय, ते तुम्ही मला सांगितलं होतंत. पुडी उघडली तेव्हा मी ते केस ओळखले होते, आणि तुम्ही तिच्या जिवासाठी ठेवलेत हेही मला ठाऊक होतं. तरी मी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा पुन्हा खोटं बोललो. मला आठवत होतं, काकू. तुमची मुलगी तुमच्यापासून मी तोडली. मिनू, तुझी आई मी तोडली. मला माफ करा, दोघीही."